विरार लोकल आणि खोती
पहाटेच्या विरार लोकलला लटकणाऱ्यांत रत्नागिरीकडचे किती! त्यांच्या आजोबांनी गाव का सोडले? कुळाने राबायचे, पीक खोताच्या कोठारात. डॉ. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवेही त्याच मुलखातले. 1918 च्या निबंधात त्यांनी शेतीवरची जादा माणसे उद्योगात नेण्याचा मार्ग मांडला. त्यांना केवळ घटनाकार म्हणणाऱ्यांना हा अर्थतज्ज्ञ सोयीचा नाही. 17 सप्टेंबर 1937 रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करणारे विधेयक आणले. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. काँग्रेस सरकारने विधेयक अडवले. खोती गेली 1949 च्या कायद्याने. तोवर माणसे गिरणीत पोहोचली होती. पुढे गिरण्याही बंद पडल्या. भूमिहीनांची तिसरी पिढी नालासोपाऱ्यात खोलीचे हप्ते फेडते आहे.