स्टेशनच्या पाटीसाठी झगडलेला माणूस

अनोळखी शहरात मेट्रोनं जाताना आपण खिडकीतून सगळ्यात आधी काय शोधतो? स्टेशनच्या नावाची पाटी. ती पटकन दिसावी आणि वाचता यावी, एवढीच आपली अपेक्षा असते. ही साधी गोष्ट मनावर घेऊन लंडनच्या अंडरग्राउंडचा चेहरामोहरा बदलणारा माणूस म्हणजे फ्रँक पिक. गंमत म्हणजे ते ना चित्रकार होते, ना आर्किटेक्ट. शिक्षण कायद्याचं!

१८७८ मध्ये इंग्लंडमधल्या स्पाल्डिंग गावात, कापड व्यापाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. कायदा शिकूनही त्यांनी १९०२ मध्ये रेल्वेची नोकरी धरली. तिथले त्यांचे साहेब जॉर्ज गिब लंडनच्या अंडरग्राउंड कंपनीत गेले आणि १९०६ मध्ये पिकही त्यांच्या मागोमाग तिथे पोहोचले.

कंपनीची तेव्हा ओढाताण चालली होती. भुयारी मार्ग नवे, कर्ज मोठं आणि प्रवासी अपेक्षेपेक्षा कमी. १९०८ मध्ये प्रसिद्धीचं काम पिक यांच्याकडे आलं. प्लॅटफॉर्मच्या भिंतींवर जाहिरातींची इतकी खिचडी, की त्यात स्टेशनचं नावच हरवून जायचं. पिक यांनी जाहिरातींना जागा ठरवून दिली आणि नाव लाल चकतीवरच्या निळ्या पट्टीत आणलं. आज जगभर ओळखलं जाणारं लंडनचं ते चिन्ह यातूनच घडत गेलं. दुपारी आणि रविवारी गाड्या रिकाम्या धावायच्या. त्यावर उपाय म्हणून त्यांनी चांगल्या चित्रकारांकडून बागांची, प्राणिसंग्रहालयाची, शहराबाहेरच्या हिरवाईची पोस्टर्स करून घेतली. तिकीट न काढताही बघता येईल असं कलादालनच ते!

अक्षरं सुटसुटीत हवीत म्हणून त्यांनी सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांना गाठलं. १९१६ मध्ये आलेली ती अक्षरं थोड्याफार बदलांसह आजही वापरात आहेत. हॅरी बेक यांचा सरळ रेषांचा प्रसिद्ध नकाशा १९३३ मध्ये प्रवाशांच्या हाती पडला, तोही पिक यांच्याच कारकिर्दीत. पुणे-मुंबईच्या मेट्रोचे नकाशेही त्याच वळणाचे आहेत.

पिक यांची खरी कसोटी लागली १९२९ मध्ये. कंपनीच्या नव्या मुख्यालयावर जेकब एपस्टाईन यांची नग्न शिल्पं लागली आणि वर्तमानपत्रांनी गदारोळ केला. शिल्पं पिक यांना स्वतःलाही फारशी रुचली नव्हती. तरी खापर दुसऱ्यावर न फोडता त्यांनी जबाबदारी घेतली आणि राजीनामा पुढे केला. तो स्वीकारला गेला नाही. एका शिल्पात किरकोळ काटछाट झाली, पण शिल्पं जागेवर राहिली.

१९३० मध्ये आर्किटेक्ट चार्ल्स होल्डन यांना घेऊन ते जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडनमधल्या इमारती बघून आले. त्यानंतर पिकॅडिली लाइनवर विटा, काच आणि काँक्रीटची ऐसपैस स्टेशनं उभी राहिली. १९३३ मध्ये शहरातली भुयारी रेल्वे, बस आणि ट्राम एका मंडळाखाली आली, तेव्हा त्याचा रोजचा कारभार पिक यांच्याच हाती होता.

सर होण्याचा मान त्यांनी नाकारला. १९४० मध्ये मंडळ सोडलं आणि पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९४१ रोजी ते गेले.

रोज धक्के खात प्रवास करणाऱ्या माणसालाही चांगलं अक्षर, चांगलं चित्र आणि चांगली इमारत मिळायला हवी, हा त्यांचा हट्ट होता. पुढच्या वेळी एखाद्या स्टेशनवर पाटी शोधून दमलात, तर हा हट्ट आठवा.