विश्लेषण : माळ्यावरच्या जुन्या लेगोला ऑनलाइन भाव का मिळतो? उत्तर एका सुताराच्या आयुष्यात

दिवाळीची साफसफाई निघाली की मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कसारख्या वसाहतींत माळ्यावरून मुलांच्या जुन्या खेळण्यांचे डबे खाली येतात. भंगारवाला ती प्लॅस्टिकच्या भावाने घेतो. पण त्यात लेगोच्या विटा असतील, तर ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर त्यांना गिऱ्हाईक मिळू शकते. मुले मोठी होऊन नोकरीला लागली, तरी त्यांच्या खेळण्याला मागणी कशी? याचे उत्तर ६६ वर्षे जगलेल्या एका डॅनिश सुताराच्या आयुष्यात सापडते. त्याचे नाव ओले किर्क क्रिस्तियानसेन.

कोण होते ओले किर्क?

७ एप्रिल १८९१ रोजी डेन्मार्कमधील एका खेड्यात, गरीब आणि मोठ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सुतारकाम ते थोरल्या भावाकडे शिकले. काही वर्षे जर्मनी आणि नॉर्वेत काम करून ते परतले आणि १९१६ मध्ये बिलुंड या लहानशा गावात त्यांनी लाकूडकामाचा कारखाना विकत घेतला. त्याच वर्षी क्रिस्टीन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दारे, खिडक्या, कपाटे आणि आसपासच्या शेतकऱ्यांची घरे बांधणे, हा त्यांचा व्यवसाय होता.

१९२४ मध्ये त्यांच्या दोन लहान मुलांच्या हातून कारखान्यातील लाकडाच्या भुश्शाला आग लागली. कारखाना आणि राहते घर दोन्ही जळाले. ओले किर्क यांनी आधीपेक्षा मोठी इमारत उभी केली, पण त्यासाठी कर्ज झाले.

सुतार खेळण्यांकडे कसा वळला?

नाइलाजाने. १९२९ च्या जागतिक मंदीचा फटका डेन्मार्कच्या शेतीला बसला. शेतकऱ्यांकडे पैसा नाही, म्हणून सुताराला काम नाही. कामगार कमी करावे लागले. १९३२ मध्ये क्रिस्टीन यांचे निधन झाले आणि पदरात चार मुले राहिली. त्याच वर्षी ओले किर्क यांनी शिड्या, इस्त्रीची टेबले, स्टूल अशा घरगुती वस्तूंबरोबर लाकडी खेळणी करायला सुरुवात केली.

भावंडांनी कर्जासाठी मदत केली, पण खेळण्यांपेक्षा काही उपयोगाची वस्तू करावी, असेच त्यांना वाटत होते. एका घाऊक व्यापाऱ्याने मोठी मागणी नोंदवली आणि माल उचलण्याआधीच तो बुडाला. तयार खेळणी घेऊन ओले किर्क स्वतः विकायला बाहेर पडले. कधी रोख रकमेऐवजी किराणा माल घेऊन व्यवहार मिटवावा लागला. पुढे यो-योची लाट ओसरली आणि कारखान्यात न विकलेले यो-यो पडून राहिले. त्यांचे दोन भाग करून खेळण्यातल्या गाड्यांना चाके बसवली गेली. लाकूड टाकून देणे या सुताराला परवडणारे नव्हते.

१९३४ मध्ये कारखान्याला नाव हवे होते. कामगारांसाठी स्पर्धा ठेवली गेली, बक्षीस होते घरी केलेल्या वाइनची बाटली. शेवटी मालकाचेच नाव पसंत पडले. ‘चांगले खेळा’ या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची सुरुवातीची अक्षरे जोडून ‘लेगो’ तयार झाले.

बदकाची गोष्ट का सांगितली जाते?

त्या काळात चाकांवर चालणारे लाकडी बदक कारखान्यात बनत असे. त्याला वॉर्निशचे तीन हात दिले जात. एकदा मुलगा गॉटफ्रेड याने दोनच हात देऊन माल रेल्वे स्थानकावर पोहोचवला आणि पैसे वाचवल्याचे आनंदाने वडिलांना सांगितले. शाबासकी मिळाली नाही. ओले किर्क यांनी त्याला ती बदके परत आणायला लावली आणि तिसरा हात त्याच रात्री एकट्याने द्यायला लावला. दोन हातांनी भागत असेल, पण गिऱ्हाइकाला कमी देणे त्यांना मान्य नव्हते. उत्कृष्ट मालापेक्षा कमी काही चालणार नाही, या अर्थाची पाटी पुढे गॉटफ्रेड यांनीच लाकडात कोरून कारखान्यात लावली.

१९४२ मध्ये, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, कारखाना पुन्हा जळाला. नमुने आणि आराखडेही गेले. पन्नाशी ओलांडलेल्या ओले किर्क यांच्या मनात सगळे सोडून देण्याचा विचार आला होता. पण कामगारांची जबाबदारी होती. त्यांनी कारखाना पुन्हा उभारला.

लाकडाची वीट प्लॅस्टिकची कशी झाली?

युद्धानंतर चांगले लाकूड दुर्मीळ झाले होते. १९४६ मध्ये ओले किर्क यांनी सुमारे ३० हजार क्रोनर मोजून प्लॅस्टिक साच्यात ओतणारे यंत्र घेण्याचे ठरवले. खेड्यातल्या लाकडी खेळण्यांच्या कारखान्यासाठी ही मोठी जोखीम होती आणि घरच्यांचाही त्याला पाठिंबा नव्हता.

विटेची मूळ कल्पना मात्र त्यांची नव्हती. ब्रिटनचे हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ कंपनीने एकमेकांवर बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटा आधीच बनवल्या होत्या. त्यांचे नमुने बिलुंडला पोहोचले आणि त्यात बदल करून १९४९ मध्ये ओले किर्क यांच्या विटा बाजारात आल्या. (किडीक्राफ्टच्या विटांचे हक्क लेगोने १९८१ मध्ये विकत घेतले.) सुरुवातीला त्या फारशा खपल्या नाहीत. आतून पोकळ असल्याने त्यांची पकडही सैल होती.

१९५४ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावर गॉटफ्रेड यांची एका दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याशी भेट झाली. खेळण्यांच्या धंद्यात पद्धतच नाही, अशी त्याची तक्रार होती. त्यातून प्रत्येक वीट दुसऱ्या प्रत्येक विटेला जोडता यावी आणि नवा सेट जुन्यात मिसळावा, ही कल्पना पुढे आली. १९५५ मध्ये तसे सेट विक्रीला आले. विटेच्या पोटात नळ्या घालून पकड घट्ट करण्याच्या रचनेसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. बरोबर सहा आठवड्यांनी, ११ मार्च १९५८ रोजी, ओले किर्क यांचे हृदयविकाराने निधन झाले. या विटेने जग जिंकलेले त्यांना पाहता आले नाही. बिलुंडचे लेगोलँड १९६८ मध्ये उघडले.

याचा जुन्या मालाच्या भावाशी संबंध काय?

१९५८ च्या रचनेची वीट आजच्या विटेवर बसते. त्यामुळे जुना डबा कालबाह्य होत नाही. एक तुकडा हरवला म्हणून सेट निकामी होत नाही, कारण तोच तुकडा दुसऱ्याच्या डब्यात असतो. सुट्या तुकड्यांची अशी जगभर खरेदी-विक्री करणारे ‘ब्रिकलिंक’ हे संकेतस्थळ २००० मध्ये सुरू झाले आणि २०१९ मध्ये खुद्द लेगोनेच ते विकत घेतले.

दुसरे कारण टंचाईचे. बहुतेक सेटचे उत्पादन काही वर्षांत थांबते आणि नंतर जुन्या बाजाराशिवाय पर्याय उरत नाही. मात्र भाव कायम चढाच राहील, असे नाही. २००८ मध्ये आलेला ५,९२२ तुकड्यांचा ताजमहाल बंद झाल्यावर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकला जात होता. २०१७ मध्ये कंपनीने तो जवळपास तसाच पुन्हा आणला आणि जुन्याचा भाव उतरला.

भारतात आणखी एक कारण आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. त्यामुळे आखातातून किंवा अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या सेटकडे पालकांचे लक्ष गेले.

विकताना काय पाहावे?

• विटेवरच्या बारीक गोल उंचवट्यांवर लेगोचे नाव कोरलेले असते. ते नसेल तर माल दुसऱ्या कंपनीचा आहे. तो लेगो म्हणून विकू नये.

• खोका किंवा माहितीपुस्तिकेवरचा सेट क्रमांक जाहिरातीत द्यावा. पुस्तिका आणि छोट्या बाहुल्या शाबूत असतील तर किंमत वाढते.

• विटा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवाव्यात. गरम पाण्याने त्या वाकतात, उन्हात वाळवल्यास पिवळ्या पडतात.

• मिसळलेल्या विटा वजनावर विकता येतात. पण आधी बाहुल्या आणि दुर्मीळ तुकडे वेगळे काढावेत.

• तुटके, पिवळे पडलेले किंवा कमी असलेले तुकडे फोटोत दाखवावेत आणि तसे लिहावे.

• पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. गिऱ्हाईक तसे सांगत असेल तर व्यवहार थांबवावा. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने तक्रार करावी.