दादासाहेब मावळंकर

पारतंत्र्याच्या काळात कायदेमंडळात बसणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांचे मुख्य काम सरकारला अडविण्याचे असे. सरकार परक्यांचे होते. त्यामुळे त्याची जितकी कोंडी करावी तितकी ती देशसेवाच ठरे. १९४७ साली देश स्वतंत्र झाला आणि तेच पुढारी सरकारच्या बाकांवर जाऊन बसले. आता विरोध कोणी व किती करावयाचा, सरकारने जाब कोणाला द्यावयाचा, हे सर्वांनाच नव्याने शिकावे लागले. ही शिकवण देण्याचे अवघड काम ज्यांच्या वाट्यास आले, ते गणेश वासुदेव मावळंकर होत. लोक त्यांना आदराने दादासाहेब म्हणत.

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे या गावचे. आडनावातच ते गाव राहिले आहे. दादासाहेबांचा जन्म २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोदे येथे झाला. उच्च शिक्षणासाठी ते अहमदाबादेस आले, तेथेच पदवीधर झाले आणि पुढे कायद्याची परीक्षा देऊन १९१३ मध्ये वकिली करू लागले. वकिली उत्तम चालली होती; परंतु वल्लभभाई पटेल व महात्मा गांधी यांचा सहवास घडला आणि त्यांच्या आयुष्याला निराळे वळण लागले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात त्यांनी भाग घेतला, असहकाराच्या चळवळीत वकिली सोडली आणि निरनिराळ्या वेळी मिळून सुमारे सहा वर्षे कारावास भोगला. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांविषयी त्यांनी पुढे गुजरातीत एक पुस्तक लिहिले. अपराध्यातही माणुसकीचा झरा असतो, हे त्यात त्यांनी दाखविले आहे.

सभा कशी चालवावी याचे धडे त्यांनी अहमदाबादच्या नगरपालिकेत गिरविले. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ च्या जानेवारीत दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदासाठी निवडणूक झाली, तेव्हा त्यांना ६६ मते मिळाली आणि प्रतिस्पर्ध्यास ६३. अवघ्या तीन मतांचा तो विजय! पुढे १९५१-५२ मध्ये देशातील सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांना मताचा अधिकार देणारी पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. मतदारांची संख्या सतरा कोटींहून अधिक होती आणि त्यांतील बहुसंख्यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी निवडलेल्या लोकसभेने १५ मे १९५२ रोजी ३९४ विरुद्ध ५५ मतांनी मावळंकरांना आपले अध्यक्ष केले.

लोकसभेचा अध्यक्ष करतो तरी काय, असे तुम्हांस वाटेल. बोलणाऱ्यास वेळ देणे व गोंधळ आवरणे एवढेच ते काम नव्हे. मंत्र्यास सभागृहात प्रश्न विचारले जातात. पुष्कळदा मंत्री उत्तर देतात की, चौकशी करून माहिती सांगण्यात येईल. सभासद खाली बसतात, दिवस जातात आणि ती माहिती कधीच येत नाही. मावळंकरांना हे मान्य नव्हते. १९५३ साली त्यांच्या कारकीर्दीत सभासदांची एक समितीच नेमण्यात आली. मंत्र्यांनी कोणकोणती आश्वासने दिली आणि त्यांपैकी किती पाळली, यावर नजर ठेवणे हेच तिचे काम. सरकारच्या खर्चाची छाननी करणारी अंदाज समिती त्याआधीच, १९५० मध्ये स्थापन झाली होती. या समित्यांच्या कामाचा गाजावाजा फारसा होत नाही. परंतु सरकारला खरा धाक असतो तो अशाच हिशेबाचा.

अध्यादेशांच्या बाबतीत तर त्यांनी प्रत्यक्ष पंतप्रधानांनाच हटकले. संसदेचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडल्यास सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपतींना जो तात्पुरता कायदा काढता येतो, तो अध्यादेश. ही सोय सरकारला फार सुखाची, कारण आधी चर्चा करावी लागत नाही. १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये मावळंकरांनी पत्रे लिहून यास हरकत घेतली. दुसरे पत्र पंडित नेहरूंना होते. आज सत्तेवर असलेली माणसे चांगली आहेत की वाईट, हा त्यांचा मुद्दाच नव्हता. पहिली लोकसभा जो पायंडा पाडील त्यावरून पुढची सरकारे चालतील आणि मग संसदेला केवळ होकार देण्याचे काम उरेल, ही त्यांची चिंता होती. नेहरू त्यांच्याच पक्षाचे आणि स्वातंत्र्यलढ्यातील सहकारी. तरीही लिहिताना त्यांनी भीड धरली नाही. अध्यादेश मात्र बंद पडले नाहीत. पुढच्या सरकारांनीही ते काढले.

याच मावळंकरांवर विरोधी सभासदांनी पक्षपाताचा आरोप करावा, हे आश्चर्य वाटण्यासारखे आहे. परंतु तसे घडले. सभागृहाचे ठरलेले काम थांबवून एखाद्या तातडीच्या विषयावर चर्चा मागणाऱ्या तहकुबी सूचना ते सहसा नाकारीत. परक्या सरकारशी झगडताना ते हत्यार योग्य होते. सरकार लोकांना जबाबदार झाल्यावर त्याचा वापर क्वचितच व्हावा, असे त्यांचे मत होते. विरोधकांना ही अडवणूक वाटली. त्यांचेही म्हणणे अगदीच निराधार नव्हते, कारण मूठभर सभासदांपाशी दुसरी साधने थोडीच होती. १८ डिसेंबर १९५४ रोजी मावळंकरांना पदावरून दूर करण्याचा ठराव चर्चेस आला. त्या वेळी ते अध्यक्षांच्या आसनावर बसले नाहीत. उपाध्यक्षांनी काम चालविले. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सभासदांना पक्षादेश न बजावता स्वतःच्या बुद्धीने मत देण्यास सांगितले. ठराव फेटाळला गेला आणि दादासाहेब पुन्हा आपल्या आसनावर येऊन, ज्यांनी आरोप केले त्यांनाही बोलण्यास पाचारण करू लागले.

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, पदावर असतानाच, अहमदाबाद येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. रिकाम्या झालेल्या जागेसाठी त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली आणि तीत त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून आल्या.