धातुकापणीला शास्त्राची धार देणारे टेलर

पोलाद कापणाऱ्या बँड सॉवर आज चढवल्या जाणाऱ्या बायमेटल पात्याची पाठ लवचिक पोलादाची, तर दात हायस्पीड स्टीलचे असतात. पात्याचा वेग आणि दाब किती ठेवायचा, हे धातू पाहून तक्त्यावरून ठरते. या दोन्ही गोष्टींचे मूळ फ्रेडरिक विन्स्लो टेलर या अमेरिकी अभियंत्याच्या कामात आहे. व्यवस्थापनशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात. पण त्यांची प्रयोगशाळा होती लेथ.

२० मार्च १८५६ रोजी फिलाडेल्फियातील जर्मनटाऊन येथे सधन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हार्वर्डची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊनही डोळ्यांच्या त्रासामुळे ते तेथे गेले नाहीत आणि कारखान्यात उमेदवारी करू लागले. १८७८ मध्ये मिडवेल स्टील कंपनीत मजूर म्हणून लागलेले टेलर लवकरच कामगारांवरील मुकादम झाले आणि संघर्षाला तोंड फुटले. कामगार जाणूनबुजून हळू काम करतात, अशी त्यांची खात्री होती. पण यंत्र नेमके किती वेगाने चालले पाहिजे, हे त्यांना तरी कुठे ठाऊक होते? ते ज्ञान कारागिरांच्या हातात होते.

१८८० मध्ये कंपनीचे अध्यक्ष विल्यम सेलर्स यांच्याकडून त्यांनी प्रयोगांची परवानगी मिळवली. सहा महिन्यांत संपतील असे वाटलेले हे प्रयोग २६ वर्षे चालले. ३० ते ५० हजार नोंदी झाल्या आणि आठ लाख पौंड, म्हणजे सुमारे ३६० टन धातूचा कीस निघाला. टोकदार हत्यारापेक्षा गोल नाकाचे हत्यार अधिक वेग सोसते, हे कळले. कीस सुटतो नेमक्या त्या जागी पाण्याची जोरदार धार सोडल्यास वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो, हेही दिसले. हत्यार फार काळ टिकले म्हणजे काम स्वस्त पडले, हा समजही खोटा ठरला; त्या मंद गतीत यंत्राचा वेळ वाया जातो. बँड सॉवरही फार हलका दाब दिला, तर दात कापण्याऐवजी घासतात आणि बोथट होतात.

१८९८ मध्ये टेलर बेथलेहेम स्टीलमध्ये गेले. जास्त तापवल्यास हत्यार निकामी होते, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. टेलर आणि धातुतज्ज्ञ मॉन्सेल व्हाइट यांनी टंग्स्टन व क्रोमियमयुक्त पोलाद जवळजवळ वितळबिंदूपर्यंत तापवले. हत्यार बिघडण्याऐवजी दुप्पट ते चौपट वेगाने कापू लागले! १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात टोक लाल झालेले हत्यार पोलाद सोलत असल्याचे पाहून युरोपीय अभियंते थक्क झाले. मात्र या प्रक्रियेचे पेटंट १९०९ मध्ये न्यायालयाने अवैध ठरवले.

१९०६ मध्ये अमेरिकन यंत्र अभियंता संस्थेचे अध्यक्ष असताना टेलर यांनी धातुकापणीवरील आपला विस्तृत निबंध सादर केला. हत्यारावर परिणाम करणारे बारा घटक त्यांनी वेगळे काढले होते. त्यांची गणिते सोडवण्यासाठी सहकारी कार्ल बार्थ यांनी खास स्लाइड रूल बनवला. यापुढे वेग कारागिराने नव्हे, नियोजन कक्षाने ठरवायचा होता.

कामगारांना डाचले ते हेच. ऑगस्ट १९११ मध्ये वॉटरटाऊनच्या सरकारी शस्त्रास्त्र कारखान्यात स्टॉपवॉचवरून संप झाला, काँग्रेसच्या समितीपुढे टेलर यांची कसून उलटतपासणी झाली. मार्च १९१५ मध्ये लष्करी खर्चाच्या कायद्याने त्या कारखान्यांत स्टॉपवॉच वापरण्यास मनाई केली. त्याच महिन्यात २१ तारखेला, एकोणसाठाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, टेलर यांचे फिलाडेल्फियात न्यूमोनियाने निधन झाले.