अनवाणी कप्तान : गोष्ठ पाल

हिंदुस्थानच्या फुटबॉलची गोष्ट निघाली की इ. स. १९११ च्या जुलै महिन्याचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. त्या महिन्याच्या २९ तारखेस कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीचा २-१ गोलांनी पराभव करून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या अकरा गड्यांपैकी दहा जण अनवाणी खेळले. बूट घालणारा एकटा गडी म्हणजे डावा बॅक सुधीर चटर्जी. हे गृहस्थ ख्रिस्ती असून पुढे धर्मोपदेशक झाले व रेव्हरंड चटर्जी या नावाने ओळखले गेले, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

त्या विजयी संघाचे यश मोठे खरे. परंतु ज्या पुरुषाचे नाव बंगालच्या घराघरांत दीर्घकाळ राहिले, तो त्या अकरांमध्ये नव्हता. तो थोड्याच काळाने आला, त्याच बचावफळीत उभा राहिला, आणि बावीसएक वर्षे तेथून हलला नाही. गोष्ठ पाल हे त्याचे नाव.

गोष्ठबाबूंचा जन्म २० ऑगस्ट १८९६ रोजी फरीदपूर जिल्ह्यातील भोजेश्वर या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. बालपणीच ते कलकत्त्यास आले व कुमारटोली या मूर्तिकारांच्या वस्तीत वाढले. सोळा-सतरा वर्षांचे वय असताना मोहन बागानने त्यांस आपल्या संघात घेतले आणि लवकरच उजव्या बॅकची जागा त्यांची कायमची झाली.

त्या काळी बॅकचे काम आजच्याहून फार कठीण होते. गोलरक्षकाच्या पुढे दोनच बॅक असत. त्यांच्यापुढे तीन हाफ व पाच फॉरवर्ड. पाच जणांची फळी अंगावर येत असताना दोघांनी ती थोपवावयाची. शिवाय १९२५ पर्यंत ऑफसाइडचा नियम निराळा होता. पुढे असलेल्या गड्याच्या व गोलरेषेच्या मध्ये प्रतिपक्षाचे तीन गडी असावे लागत. त्यामुळे एक बॅक पुढे सरकला व दुसरा मागे राहिला, तर समोरचा फॉरवर्ड सहज कचाट्यात सापडे. १९२५ साली तिनांचे दोन झाले आणि बॅकचे हे हत्यार बोथट झाले. गोष्ठबाबू दोन्ही नियमांखाली खेळले, आणि दोन्ही काळांत त्यांस चकविणे दुरापास्त राहिले. कलकत्त्याच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्यांस चीनच्या भिंतीची उपमा दिली, व ते नाव त्यांस जन्मभर चिकटले.

आणि हे सर्व अनवाणी! समोर पलटणींतील धिप्पाड गोरे शिपाई, पायांत खिळे मारलेले जाड बूट; इकडे उघडे पाऊल. मैदान कोरडे असले म्हणजे उघड्या पावलास चेंडू अधिक कळतो, वळणे जलद घेता येते. परंतु कलकत्त्याचा फुटबॉलचा हंगाम ऐन पावसाळ्यात. एक जोराची सर आली की हिशेब उलटा होई. बूटवाला पाय रोवून उभा राही आणि अनवाणी गडी घसरे. मोहन बागानच्या त्या पिढीचे भवितव्य पुष्कळदा ढगांवर अवलंबून होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९२१ पासून १९२६ पर्यंत गोष्ठबाबू संघाचे कप्तान होते. १९२३ साली त्यांनी संघ पुन्हा शील्डच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. समोर कलकत्ता क्लब हा गोऱ्यांचा संघ होता. मैदानाचा चिखल झाला होता. सामना ३-० असा हातचा गेला. त्याच वर्षी ते आपला संघ घेऊन आमच्या मुंबईस रोव्हर्स कपासाठी आले व अंतिम फेरी गाठली. तेथे डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांस ४-१ असे हरविले. १९२५ मध्ये सिमल्याच्या ड्युरँड स्पर्धेचे निमंत्रण मोहन बागानला आले. पलटणींच्या त्या स्पर्धेत अशा देशी संघास बोलावणे हाच मोठा मान होता. संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला, आणि तेथे थांबला.

वाचकांच्या ध्यानात आले असेलच, की येथवर एकाही मोठ्या विजयाची नोंद झालेली नाही. छोटे चषक आले. परंतु शील्ड, कलकत्त्याची लीग, रोव्हर्स, ड्युरँड या चारांपैकी एकही गोष्ठ पालांच्या काळात मोहन बागानच्या हाती लागला नाही. लीग मिळाली ती १९३९ मध्ये, शील्ड पुन्हा आली ती १९४७ मध्ये, ड्युरँड १९५३ मध्ये आणि रोव्हर्स १९५५ मध्ये. तोवर गोष्ठबाबू केव्हाच निवृत्त झाले होते.

मग त्यांची कीर्ती कशावर उभी आहे? आमच्या मते, लोकांनी चषक मोजलेच नाहीत. लीगच्या पहिल्या वर्गात एके काळी केवळ दोनच देशी संघांस जागा असे. बाकी सारे गोरे. दिवसभर कचेरीत साहेबाचा शब्द मुकाट्याने झेलणारा कारकून संध्याकाळी मैदानाच्या कडेला उभा राही आणि साहेबाच्या जातभाईंची चाल एका अनवाणी बंगाल्यापाशी येऊन थांबते, हे डोळ्यांनी पाही. गोल करणाऱ्याचा आनंद क्षणाचा असतो. बॅक मात्र दीड तास ‘नाही’ म्हणत उभा असतो. त्या प्रेक्षकास तेच हवे होते.

१९३३ साली हिंदुस्थानचा संघ सिलोनला गेला तेव्हा नायकत्व त्यांच्याकडेच होते. १९३५ मध्ये त्यांनी खेळ सोडला. अखेरच्या दिवसांत कलकत्ता क्लबाविरुद्ध पंचाचे निर्णय एकतर्फी वाटल्याने ते सहकाऱ्यांसह मैदानावर आडवे झाले व निषेध केला, अशी हकीकत सांगतात. शिस्तीच्या काटेकोर भोक्त्यांस हे रुचणार नाही. परंतु कोणावर हात न उगारता केलेल्या त्या निषेधात त्या काळच्या देशाचे वारे दिसते, हेही नाकारता येत नाही.

त्यांच्या मागून त्यांच्याच क्लबातून दोन कप्तान निघाले. नागा डोंगराळ मुलुखातील ख्रिस्ती डॉक्टर तालिमेरेन आओ यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ नेला. त्यांतील बहुतेक गडी अनवाणीच होते. बॅक शैलेन मन्ना यांच्या नायकत्वाखाली १९५१ मध्ये दिल्लीस इराणवर १-० असा विजय मिळून आशियाई सुवर्णपदक आले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाने भारतावर दहा गोल चढविले, आणि त्यानंतर बूट सक्तीचे झाले.

गोष्ठबाबूंनी हे सर्व पाहिले. १९६२ साली त्यांस पद्मश्री मिळाली. फुटबॉलपटूस मिळालेली ती पहिलीच. १९७६ मध्ये त्यांचे निधन झाले. १९८४ साली कलकत्त्याच्या मैदानाजवळ त्यांचा पुतळा उभारण्यात आला व १९९८ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. मोहन बागानचे मैदान ज्या रस्त्यावर आहे, त्याचे नाव गोष्ठ पाल सरणी. सामन्यास जाणारी मंडळी त्याच रस्त्याने आत जातात.