२० वर्षांची चित्रं आगीत गेली, मेजर गिलचे अजिंठ्याचे फोटो मात्र उरले

अजिंठा गावात पारोची कबर आहे. तारीख १८५६ सालची. मेजर रॉबर्ट गिल आणि पारोची प्रेमकथा ना. धों. महानोरांच्या काव्यामुळे आणि २०१२ च्या सिनेमामुळे घराघरांत पोचली. त्या नादात गिलच्या कॅमेऱ्याची गोष्ट मात्र मागे पडली.

गिल मद्रास सैन्यातला अधिकारी. लेण्यांमधली चित्रं झपाट्याने खराब होतायत, त्यांच्या नकला करून ठेवा, असा आग्रह अभ्यासक जेम्स फर्ग्युसनने धरला होता. १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हे काम गिलवर सोपवलं. वाघूर नदीच्या त्या खोऱ्यात त्याने पुढची जवळपास २० वर्षं काढली. मोठमोठी तैलचित्रं तयार करून लंडनला पाठवली.

३० डिसेंबर १८६६. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तिथे मांडलेली गिलची जवळपास सगळी चित्रं जळाली. दुसरीकडे ठेवलेली मोजकीच वाचली.

पण १८५६ च्या सुमारास गिलने फोटोग्राफीही सुरू केली होती. त्या काळी फोटो म्हणजे काचेची ओली प्लेट. ती जागेवरच तयार करायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. अजिंठ्याच्या उन्हाळ्यात हे करून बघा! तरी त्याने लेणी टिपली, लोणारची देवळंही टिपली. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली.

या फोटोंत रंग नाहीत. पण निजामाच्या काळातल्या दुरुस्तीआधी लेण्यांचे खांब कसे मोडले होते, डोंगर कसा दिसत होता, ते यांत कळतं. पुढे चित्रांवर लावलेलं वॉर्निश आणि लाख पिवळी पडली, काही भाग गळून गेले. मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, तर त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. अजिंठ्याच्या नकलांना आगीचा शापच म्हणायचा.

आगीनंतरही गिल अजिंठ्यालाच परतला आणि सत्तरीतही काम करत राहिला. एप्रिल १८७९ मध्ये आजारी अवस्थेत भुसावळला नेताना त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर भुसावळला आहे, पारोची अजिंठ्यात.