विश्लेषण : घरोघरच्या ‘उष्ण-थंड’ला ग्रंथाचा आधार देणारे शंकर दाजीशास्त्री पदे कोण होते? नाशिकशी त्यांचे नाते काय?

शरीर तापले असेल तर थंड गुणाचे खा, गारठले असेल तर उष्ण गुणाचे खा. चिनी पारंपरिक वैद्यकातील ‘यिन-यांग’ आहाराचा हा गाभा सध्या मोबाइलवर बराच फिरतो. मराठी घरांना मात्र यात नवे काही नाही. पपई उष्ण, काकडी थंड, हे आजीकडून ऐकतच आपण मोठे होतो. घरोघरी असलेले हे ज्ञान वैद्यांच्या संस्कृत पोथ्यांतून काढून सोप्या मराठीत छापणाऱ्यांत वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचे नाव ठळक आहे. देशभरच्या वैद्यांना त्यांनी एकत्र बसवले, तेही नाशिकमध्ये.

त्या काळी आयुर्वेदाची स्थिती काय होती?

पदे यांचा जन्म १८६७चा. त्याआधीच आयुर्वेदाचा राजाश्रय गेला होता. कोलकात्याच्या संस्कृत महाविद्यालयातील आयुर्वेदाचा वर्ग १८३५ मध्ये बंद झाला आणि त्याच वर्षी तेथे मेडिकल कॉलेज निघाले. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. सरकारी नोकरी, रुग्णालये आणि प्रमाणपत्रे नव्या डॉक्टरांकडे गेली.

वैद्यांची घडी मात्र जुनीच होती. विद्या बापाकडून मुलाकडे, गुरूकडून शिष्याकडे जाई. सगळीकडे एकच अभ्यासक्रम नव्हता, एकच परीक्षा नव्हती. अनुभवाचे पाठ अनेक घराण्यांत गुप्त राहात आणि जाणत्या माणसाबरोबरच संपत. शिकलेला वैद्य कोण आणि भोंदू कोण, हे रुग्णाने ओळखायचे कसे? सरकारची मान्यता नाही आणि लोकांचा विश्वासही डळमळलेला, अशा दुहेरी कोंडीत ही विद्या सापडली होती.

पदे यांनी काय केले?

त्यांनी छापखान्याची वाट धरली. ग्रंथ लिहिले, मासिके चालवली. ‘वनौषधि गुणादर्श’मध्ये त्यांनी एकेक वनस्पती घेऊन तिची ओळख, गुण आणि उपयोग मराठीत मांडले. त्यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ तर गुजराती घरांतही पोहोचला आणि आजही विकत मिळतो. संस्कृत न येणाऱ्या गृहस्थालाही वैद्यकाची तोंडओळख व्हावी, ही त्यामागची दृष्टी. अशा ग्रंथांत औषधी मुळ्यांइतकेच महत्त्व रोजच्या धान्याला, भाजीला, फळाला आणि मसाल्याला असते, कारण आयुर्वेदात अन्न आणि औषध यांच्यात भिंत नाही.

आहाराचा ‘तोल’ म्हणजे नेमके काय?

वात, पित्त आणि कफ हे तीन दोष समतोल असले की आरोग्य, हे आयुर्वेदाचे मूळ सूत्र. त्यातून जेवणाचे नियम निघतात :

• ऋतू : हिवाळ्यात भूक प्रबळ असते, म्हणून स्निग्ध आणि पचायला जड पदार्थ चालतात. बाजरीची भाकरी, लोणी, तीळगूळ याच काळात येतात. उन्हाळ्यात हलके, गोड आणि पातळ पदार्थ बरे. पावसाळ्यात अग्नी मंद, म्हणून जुने धान्य आणि बेताचे जेवण.

• प्रमाण : पोटाचे चार भाग कल्पायचे. दोन घन अन्नाला, एक पातळ पदार्थांना आणि एक रिकामा ठेवायचा.

• संयोग : दूध आणि मासे, दूध आणि आंबट फळे यांना ‘विरुद्ध आहार’ म्हटले आहे.

• व्यक्ती : एकाला मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही. खाणाऱ्याची प्रकृती पाहूनच पथ्य ठरते.

चिनी वैद्यकाशी साम्य कुठे, फरक कुठे?

पदार्थाला उष्ण किंवा शीत गुण असतो, ही कल्पना दोन्हीकडे आहे. आले दोन्हीकडे उष्ण, कलिंगड दोन्हीकडे थंड. चव हीसुद्धा गुणाची खूण मानली जाते. चिनी परंपरा पाच चवी मानते; आयुर्वेद त्यात तुरट धरून सहा रस सांगतो. चिनी विचार यिन आणि यांग या जोडीभोवती फिरतो, आयुर्वेदाचा तीन दोषांभोवती. सातव्या शतकातील चिनी वैद्य सुन सिमियाओ यांनी औषधाआधी आहाराने उपचार करून पाहण्यावर भर दिला. आपल्याकडचा पथ्याचा आग्रह त्याच जातीचा.

नाशिकमध्ये १९०७ मध्ये काय घडले?

पुस्तके लिहून विद्या पसरेल, पण टिकणार नाही. त्यासाठी संघटना हवी, हे पदे यांनी ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १९०७ मध्ये नाशिकमध्ये वैद्यांचे पहिले अखिल भारतीय संमेलन भरले. आयुर्वेद महासंमेलनाची ही सुरुवात. वैद्य घडवण्यासाठी ठरलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची कल्पनाही याच चळवळीतून पुढे आली. दुसरे संमेलन १९०८ मध्ये पनवेलला झाले.

चीनमध्ये अशी वेळ २२ वर्षांनी आली. तेथील सरकारने १९२९ मध्ये पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा घाट घातला, तेव्हा देशभरचे वैद्य शांघायमध्ये जमले आणि तो बेत मागे पडला.

पुढे काय झाले?

पदे यांना फार काळ मिळाला नाही. संमेलन जेमतेम दोन वर्षांचे असताना, १९०९ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एका माणसाच्या धडपडीवर उभे राहिलेले काम त्याच्याबरोबर विरते की काय, अशी ती वेळ होती. पण ते विरले नाही. १९११ मध्ये अलाहाबादला तिसरे संमेलन भरले.

लढाई मात्र लांबली. १९१२च्या मुंबई वैद्यक कायद्याने पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांची नोंदवही केली. वैद्य बाहेरच राहिले. त्यांच्या नोंदणीची सोय मुंबई प्रांतात १९३८च्या कायद्याने झाली.

पदे यांना हवी असलेली ठरलेली परीक्षा आज कुठे होते? महाराष्ट्रातील आयुर्वेद महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. त्याचे मुख्यालय नाशिकमध्येच, म्हसरूळला आहे.

आज वाचकाने काय घ्यावे?

ऋतूनुसार आणि भुकेपुरते खाणे कोणालाही करता येईल. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर मोबाइलवर वाचून पथ्य बदलू नये आणि चालू औषधे बंद करू नयेत. आधी प्रशिक्षित डॉक्टर किंवा वैद्यांना विचारावे. शिकलेला वैद्य आणि भोंदू यांतला फरक लोकांना कळावा, यासाठीच तर सव्वाशे वर्षांपूर्वीची ती खटपट होती.